आजीची चाल जपून ठेवा

भगिनींनो, गाणे टिपायला शहरातला स्टुडिओच लागतो असे नाही. घरात मुलांचा लॅपटॉप असला, तर आमच्या एटापल्लीतही ते जमते. जोडीला यूएसबी माइक आणि हेडफोन घ्या. ‘ऑडॅसिटी’ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम २००० सालापासून फुकट मिळतो.

खरे महत्त्व खोलीला! रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतींना गाद्या-गोधड्या टेकवा. पंखा बंद करा. घर पत्र्याचे असेल तर पाऊस थांबू द्या. लॅपटॉप आधी चार्ज करून ठेवा, म्हणजे वीज गेली तरी गाणे तुटत नाही. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका धरला की ‘प-फ’ची फुंकर आत शिरत नाही. पडद्यावरचा आवाजाचा मीटर लाल होऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही, बरं का! फाइल ‘वेव्ह’ प्रकारात ठेवा. मिनिटाला साधारण ५ एमबी जागा लागते. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर हवीच.

आणि टिपायचे काय? सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, शेजारच्या माडिया बायकांची रेला गाणी! हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपण निदान आपल्या घरच्या तरी टिपू या.

आधी गाणारीची परवानगी घ्या. सुरुवातीला नाव, गाव, तारीख तिलाच सांगू द्या. शब्द वहीत उतरतात. चाल मात्र तिच्या गळ्यातच असते. तेव्हा हे काम दिवाळीवर ढकलू नका.