काँक्रीट आतून का तापतं?

सिमेंटला पाणी लागलं की उष्णता सुटते. जाड काँक्रीटमध्ये घनमीटरमागे दर 100 किलो सिमेंट तापमान साधारण 10 ते 12 अंशांनी चढवतं. गाभा आणि कडा यांतला फरक 20 अंशांवर गेला की तडे जाण्याची भीती. गाभा 70 अंशांपुढे गेला, तर काही वर्षांनीही काँक्रीट आतून फुगू शकतं.

खात्रीचा उपाय म्हणजे सिमेंटच कमी घालणं. अकोले तालुक्यातल्या घाटघरला 250 मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पासाठी रोलरनं दाबलेल्या काँक्रीटचं देशातलं पहिलं धरण झालं. त्यात सिमेंटपेक्षा फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) जास्त होती.

पॉलिमरही मदतीला येतात. पॉलिकार्बॉक्सिलेट सुपरप्लास्टिसायझर सिमेंटचे कण सुटे ठेवतो; पाणी कमी लागतं, म्हणून तेवढीच ताकद कमी सिमेंटात मिळते. स्टार्चपासून केलेले पॉलिमर हळूहळू विरघळत सिमेंटची प्रक्रिया संथ करतात. एकूण उष्णता फारशी घटत नाही, पण ती सावकाश सुटते आणि बाहेर पडायला सवड मिळते.

आणे पठारासारख्या कोरड्या भागातल्या घराच्या स्लॅबला यातलं काही लागत नाही. 5 इंची स्लॅबमधली उष्णता लगेच निघून जाते. तिथे खरा त्रास ऊन-वाऱ्याचा. आळी करून पाणी साठवा, कॉलमला ओली पोती गुंडाळा. फ्लाय ॲशचं पीपीसी सिमेंट वापरलं असेल, तर आयएस 456 नुसार किमान 10 दिवस पाणी द्यायचं असतं. पाणी टँकरचं असलं तरी यात काटकसर करू नका.