दुसऱ्याच्या रानातून, हक्काने

हेप्टनस्टॉल, वेस्ट यॉर्कशर

इंग्रज माणूस आपल्या जमिनीबद्दल फार हळवा असतो. इथल्या खेड्यांत दर दुसऱ्या फाटकावर ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी दिसते. पण पुष्कळदा त्याच फाटकाशेजारच्या दगडी गडग्यात अंग चोरून जाता येईल एवढी फट असते आणि बाजूच्या खांबावर पिवळा बाण. त्या फटीतून कोणीही, कोणालाही न विचारता, शेतकऱ्याच्या गवताळ रानात शिरून पलीकडे जाऊ शकतो. निळा बाण असेल तर घोडा किंवा सायकलही चालते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटांचं जाळं सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचं आहे. या देशाच्या राजवाड्यांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे, या वाटांबद्दल फारसं नाही. म्हणून हे पत्र डोंगरमाथ्यावरच्या एका गावातून.

मँचेस्टर आणि लीड्स यांच्यामध्ये, कॅल्डर नदीच्या अरुंद खोऱ्यात हेब्डन ब्रिज हे छोटं शहर आहे. हेप्टनस्टॉल अगदी त्याच्या डोक्यावर. खालच्या जुन्या दगडी पुलापासून ‘बट्रेस’ नावाची फरसबंद वाट सरळ वर चढते. ती इतकी उभी आहे की पावसाळी दिवशी तिथले दगड उतरण्यापेक्षा वळसा परवडला. आणि इथे पावसाळी दिवसांना तोटा नाही.

गाव वर का, याचं उत्तर तटबंदी किंवा शत्रूत नाही. पूर्वी खोऱ्याचा तळ दलदलीचा आणि झाडीने भरलेला होता. राहण्याजोगी, चालण्याजोगी जमीन वरच्या सपाटीवरच होती. जमीन नापीक, म्हणून पोटासाठी शेतीला विणकामाची जोड. घराच्या वरच्या मजल्यावर माग, आणि मागाला उजेड हवा म्हणून ओळीने खिडक्या. आजही गावातलं विणकराचं घर त्या खिडक्यांवरून ओळखता येतं. विणलेलं कापड बाजारात न्यायचं ते ओझ्याच्या घोड्यांवरून. माळावरून जाणाऱ्या, एकामागे एक घोडं चालेल एवढ्याच रुंदीच्या दगडी फरशा त्याच वाहतुकीच्या. काही फरशा मधोमध झिजून पन्हळीसारख्या झाल्या आहेत.

मग पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या आल्या आणि काम उताराने खाली गेलं. १८०४ मध्ये कालवा पूर्ण झाला, १८४० मध्ये रेल्वे आली. तीही खालूनच गेली. हेप्टनस्टॉल वर राहिलं ते राहिलंच. आज पर्यटक ज्या जुनेपणाचे फोटो काढतात, तो मुख्यतः या गावाचा धंदा बसल्यामुळे शिल्लक आहे.

गावात पाहण्यासारखं बरंच आहे. एकाच आवारात दोन चर्च आहेत: १८४७ च्या वादळात मोडलेलं तेराव्या शतकातलं, आणि त्यानंतर बांधलेलं. जुन्या थडग्यांमध्ये डेव्हिड हार्टलीचं थडगं आहे. सोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरून त्या कातरणांतून खोटी नाणी पाडणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या १७७० मध्ये फासावर गेला. सिल्व्हिया प्लाथ ही अमेरिकन कवयित्रीही इथेच पुरलेली आहे. तिच्या दगडावरचं नवऱ्याचं आडनाव चाहत्यांनी पुन्हा पुन्हा खरवडून काढलं. नवरा टेड ह्यूज याच खोऱ्यातला.

पण खरा आनंद गाव मागे टाकल्यावर. उत्तरेकडून खाली उतरलं की हार्डकॅसल क्रॅग्जची झाडी लागते. ओढ्याकाठाने वाट जाते, झाडांखाली तांबूस मुंग्यांची गुडघ्याएवढी वारुळं दिसतात आणि पुढे गिब्सन मिल येते. १८०० च्या सुमाराची ही सुती गिरणी पाणचक्कीवर चालायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामगारांच्या सुट्टीच्या करमणुकीसाठी तिथे नाच आणि चाकांच्या बुटांवरचं स्केटिंग चालू झालं. त्याआधी, १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायर आणि त्याला लागून असलेल्या या खोऱ्यातल्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा मुंबई बंदरातल्या गाठींचा भाव गगनाला भिडला होता. तेजीचा तो फुगा कसा फुटला, हे मुंबईकरांना सांगायला नको.

आता या वाटांवरच्या हक्काबद्दल. एखादी वाट लोकांनी सलग वीस वर्षं, उघडपणे आणि अडथळ्याविना वापरली, तर ती सार्वजनिक मानली जाते. वाट सार्वजनिक करण्याचा आपला हेतू नव्हता, हे दाखवून द्यायची जबाबदारी जमीनमालकाची. आपल्याकडे वहिवाटीचे दावे तहसीलदारापुढे चालतात ते आपल्या शेतात जायला रस्ता हवा म्हणून. इथे शेताशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही हा हक्क आहे, आणि तो सरकारी नकाशावर नोंदलेला असतो. शेतकऱ्याने शेतातून जाणारी पायवाट नांगरली तर ठरावीक मुदतीत ती पूर्ववत करावी लागते. वळूंचाही कायदा आहे: दुभत्या जातींचा, दहा महिन्यांपेक्षा मोठा वळू वाट असलेल्या रानात मोकळा सोडता येत नाही, मांसासाठी पाळलेल्या जातीचा चालतो, मात्र सोबत गाई हव्यात. कुंपणापाशी उभं राहून वळूची जात कशी ओळखायची, हे कायदा सांगत नाही.

हे सगळं मालकांच्या उदारपणातून आलेलं नाही. इथून दक्षिणेला किंडर स्काउट या डोंगरावर, शिकारीसाठी राखलेल्या माळावर, २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण जाणूनबुजून घुसले. त्यांत मँचेस्टरकडचे कामगार बरेच होते. पाच जणांना तुरुंगवास झाला. वाटा नकाशावर नोंदवण्याचा कायदा १९४९ मध्ये आला, आणि डोंगर-माळांवर वाट सोडूनही फिरण्याचा हक्क २००० मध्ये. तोही इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के भूमीवर. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने बहुतेक सगळी जमीन आणि पाणी जबाबदारीने फिरणाऱ्याला खुलं केलं. इंग्लंडमध्ये वाद अजून चालू आहे: डार्टमूरच्या सामाईक माळावर तंबू ठोकून रात्र काढता येते, हे ठरवायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०२५ मध्ये निकाल फिरणाऱ्यांच्या बाजूने लागला.

एक गोष्ट खटकते. ज्या वाटा विणकरांनी आणि गिरणीकामगारांनी झिजवल्या, त्यांवर आज मला भेटतात ते बहुधा महागडी जाकिटं घातलेले, निवृत्तीच्या आसपासचे गोरे लोक. ब्रॅडफर्ड आणि हॅलिफॅक्समध्ये आपल्या उपखंडातली कितीतरी कुटुंबं राहतात. या माळांवर मात्र ती फार क्वचित दिसतात. पाटीवर कोणाला मनाई नाही, हे खरं. पण नकाशा कसा वाचायचा आणि इथून गेलं तर कोणी हटकणार नाही, हे घरातल्या कोणीतरी लहानपणी दाखवावं लागतं.

हेप्टनस्टॉलच्या उत्तरेला वॉलशॉ मूर हा हीथरने झाकलेला माळ आहे. तिथे ग्राउज पक्ष्यांची शिकार चालते, आणि तिचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो. २००० च्या कायद्यानुसार मालकाला वर्षातून अठ्ठावीस दिवसांपर्यंत असा माळ लोकांसाठी बंद ठेवता येतो. पण त्या भागातून पेनाइन वे ही १९६५ मध्ये खुली झालेली, ४३० किलोमीटरची पायवाट जाते, आणि नोंदलेल्या सार्वजनिक वाटेला ही बंदी लागू होत नाही. माळ बंद असलेल्या दिवशीही वाटेवरून चालणाऱ्याला कोणी परत पाठवू शकत नाही.