नोझलच्या अंगावरचं गोंदण

करंगळीच्या पेराएवढा पोलादी तुकडा. काजळी पुसून भिंग धरा, अंगावर कोरलेली अक्षरं दिसतील : डीएन ० एसडी २४०.

हे इंजिनात डिझेल फवारणारं नोझल, जुन्या मर्सिडीज २४० डीचं. तिचं ओएम ६१६ हे इंजिन परकं वाटतंय? अहो, आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं हेच इंजिन जर्मनांकडून परवाना घेऊन बनवलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. वडापला गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्यांना त्याची धडधड पाठ आहे!

आता जरा हिशेब करू. गाडी ताशी ६० किलोमीटरनं चाललीय, लिटरला १० देतेय, इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय. म्हणजे तासाला ६ लिटर डिझेल. तेवढ्यात चार नोझल मिळून फवारे किती मारतात? दर दोन फेऱ्यांना प्रत्येकी एक, म्हणजे २,४०,०००! एका फवाऱ्याच्या वाट्याला येतं २५ घन मिलिमीटर डिझेल, म्हणजे जेमतेम अर्धा थेंब. आणि या सगळ्यात ना संगणक, ना विजेची तार.

मग नोझल उघडतं कोण? खुद्द डिझेलच. आत एक सुई असते, स्प्रिंगनं खाली दाबून धरलेली. पंपानं रेटलेलं डिझेल साधारण ११५ बारला पोचलं, की कुकरच्या शिट्टीसारखी सुई उचलली जाते. ११५ बार म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ पन्नासपट दाब! फवारा सुटतो, दाब उतरतो, सुई पुन्हा बसते.

पण एवढ्या दाबाचं डिझेल सुईच्या बाजूनं निसटत कसं नाही? रबराचं सील तर कुठेच नाही. खुबी आहे ती फटीत : सुई आणि तिचं घर यांच्यात अवघे दोन-तीन मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. तरी सुई अडकत नाही. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून तिसरा हिस्सा वर ओढा नि सोडा. स्वतःच्याच वजनानं अलगद खाली सरकते. या जोड्या एकमेकींसाठीच घासलेल्या असतात. धुताना चार नोझलच्या सुया एका वाटीत टाकल्या, तर संसार मोडलाच म्हणून समजा.

आता ते गोंदण वाचू. ‘डी’ म्हणजे ड्यूझं, जर्मन भाषेत नोझल. ‘डीएन’ म्हटलं की सुईचं टोक भोकातून बाहेर डोकावणार. आणि शून्य? तो फवाऱ्याचा कोन! या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटतं, तिथे फवाऱ्यानं पसरायचं कारणच नाही, सरळ जावं. उलट ‘डीएलएलए १५०’ असं नाव सापडलं, तर त्यातला पहिला ‘एल’ लोख म्हणजे भोकाचा. टोकाला बारीक भोकं, आणि फवारे १५० अंशांत फाकलेले, कारण तिथे डिझेल थेट पिस्टनच्या वाटीवर शिंपडायचं असतं. नावातच भूमिती! ‘एस’वरून आकारमान कळतं.

राहता राहिले २४०. गाडी २४०, नोझल २४०, जुळलं की! इथेच फसायला होतं. गाडीचे २४० म्हणजे २.४ लिटर; नोझलचे २४० हा नुसता आराखड्याचा क्रमांक. तो काहीच सांगत नाही, आणि तरी सगळं त्याच्यावरच अडतं. नाव तेच, शेवटचा आकडा वेगळा, की सुईच्या टोकाची घडण वेगळी. डोळ्यांना दोन्ही जुळी भावंडं वाटतात. कॅटलॉग उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

ओळख पटली, तरी तब्येत बघायची राहते. त्यासाठी नोझल हातपंपाच्या टेस्टरवर चढवतात. समोर बोट मात्र चुकूनही नेऊ नका, हा फवारा कातडी फोडून आत शिरतो. दांडा सावकाश दाबा. सुई उघडते, मिटते, पुन्हा उघडते, सेकंदात कितीतरी वेळा, आणि मग तो आवाज येतो. घर्रर्र. निरोगी नोझल चक्क घोरतं!