वजाबाकीचा कारागीर

संपादकांना अयोध्येच्या मूर्तीचे शिल्पकार अरुण योगीराज यांच्यावर लेख हवा होता. मी मात्र वाचता वाचता एका वजाबाकीपाशी अडकलो : २८० उणे ६५.

दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली नेताजींचा २८ फुटी पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला. त्यासाठी तेलंगणातल्या खम्मममधून २८० टनांचा काळ्या ग्रॅनाइटचा एकसंध दगड १४० चाकांच्या ट्रकवरून १,६६५ किलोमीटर आणला. योगीराज यांच्या चमूने २६,००० मनुष्यतास खपून त्यातून ६५ टनांचा पुतळा काढला. म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक दगड काढून टाकायचाच होता. मातीकामात चूक लिंपून घेता येते. दगडात उडालेली कपची गेली ती गेलीच. म्हणून नाकाच्या शेंड्याला, बोटांच्या टोकांना शेवटपर्यंत थोडा दगड राखून ठेवावा लागतो. घाईचा माणूस इथे टिकत नाही.

योगीराज यांचं म्हैसूरचं घराणंच शिल्पींचं. आजोबा बसवण्णा राजाश्रयात वाढलेले, वडीलही मूर्तिकार. १९८३ साली जन्मलेल्या अरुण यांनी एमबीए करून काही काळ नोकरी केली आणि २००८ पासून पुन्हा छिन्नी धरली. केदारनाथची आदि शंकराचार्यांची १२ फुटी मूर्ती त्यांचीच.

अयोध्येचा बालराम अवघ्या ५१ इंचांचा, कृष्णशिलेतला. त्याचे डोळे मुहूर्तावर, सोन्याची छिन्नी आणि चांदीची हातोडी घेऊन कोरले. त्यासाठी मिळालेला वेळ होता वीसेक मिनिटांचा. काळ्या दगडात बुबुळाला वेगळा रंग नसतो. खोली आणि कड यांनी पडणारी सावली हीच नजर. छिन्नी जरा खोल गेली की भाव बदलला. याच कामात दगडाची कपची योगीराज यांच्या स्वतःच्या डोळ्यात घुसली होती आणि ती काढावी लागली होती.

कपची दिसते, बोचते, काढता येते. धूळ तशी नाही. अयोध्येच्या त्याच राम मंदिराचा गुलाबी वालुकाश्म राजस्थानातल्या बन्सी पहाडपूरचा, आणि त्यातलं बरंच कोरीवकाम झालं सिरोही जिल्ह्यातल्या पिंडवाड्यात. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः सिलिका. पूर्वी छिन्नीने भुगा पडायचा. आता ग्राइंडरच्या कोरड्या पात्याने डोळ्यांना न दिसणारी भुकटी उडते आणि थेट फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. पिंडवाड्यात ऐन कमावत्या वयातले घडाई कामगार या आजाराने धापा टाकत आहेत. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी धोरण आणलं, त्यात आर्थिक मदत आहे. पण ती मिळते फुप्फुसं गेल्याचं प्रमाणपत्र हातात आल्यावर.

उपाय अवघड नाहीत : पात्यावर पाण्याची धार, धूळ ओढून घेणारं यंत्र, नीट बसणारा मास्क. फक्त त्याने काम थोडं सावकाश होतं आणि खर्च थोडा वाढतो. ही अट दगड घडवून घेणाऱ्याने घालायला हवी. कारागिराने घातली, तर काम शेजारच्या छपराखाली जाईल.