आरोग्य सल्ला : खेळाडूचा गट कसा ठरतो?

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्याचे सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळविले. त्यांच्या स्पर्धेपुढे ‘एफ ४६’ असे छापून येई. हा आकडा कसला, असे अनेकांनी विचारले. आज त्याविषयी.

कुस्तीत पन्नास किलोच्या पैलवानासमोर नव्वद किलोचा उभा करीत नाहीत. तोच न्याय येथे आहे. मैदानी खेळांत ‘एफ’ म्हणजे फेकीचे प्रकार आणि ‘टी’ म्हणजे धावणे व उड्या. पुढचा आकडा अपंगत्वाचा प्रकार सांगतो. ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक अक्षमता, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सीसारखे स्नायूंवरील ताबा बिघडवणारे विकार, ४०-४१ खुजेपणा, ४२ ते ४४ पायातील दोष, ४५ ते ४७ हातातील दोष, ५१ ते ५७ बसून खेळणारे, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून खेळणारे. साधारणपणे प्रत्येक गटात आकडा जितका लहान, तितकी अडचण मोठी.

हा गट तज्ज्ञांचे मंडळ ठरवते. प्रथम वैद्यकीय कागदपत्रे पाहतात. मग प्रत्यक्ष तपासणी होते. स्नायूंच्या ताकदीला ० ते ५ गुण असतात. स्नायू मुळीच हलत नसेल तर ०, हातपाय स्वतःचे वजन उचलू शकला तर ३, पूर्ण ताकद असेल तर ५. सांधा किती वाकतो, अवयवाची लांबी किती, हेही मोजतात. नंतर खेळातील हालचाली करून घेतात आणि गरज वाटल्यास स्पर्धेतही लक्ष ठेवतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडील दिव्यांग प्रमाणपत्रावरची ४० किंवा ६० ही टक्केवारी सरकारी सवलतींसाठी असते. खेळाचा गट तिच्यावरून ठरत नाही. त्या दोषामुळे त्या विशिष्ट खेळात किती अडथळा येतो, हे पाहिले जाते. त्यामुळे एखादा मुलगा पोहण्यात पात्र ठरेल, पण धावण्यात ठरणार नाही.

गट चुकला तर मेहनत वाया जाते. टोकियोच्या स्पर्धेत २०२१ साली थाळीफेकपटू विनोद कुमार यांनी ‘एफ ५२’ गटात कांस्यपदक मिळविले होते. फेरतपासणीत मंडळाला त्यांना कोणताच गट देता आला नाही आणि पदक गेले. याउलट सिडनीला २००० साली स्पेनच्या बौद्धिक अक्षम बास्केटबॉल संघात धडधाकट खेळाडू घुसवल्याचे उघड झाले. त्याची शिक्षा निर्दोष खेळाडूंनी भोगली. या गटाच्या स्पर्धा २०१२ च्या लंडनपर्यंत बंद राहिल्या.

म्हणून पालकांना सांगणे एवढेच. मुलाला पोलिओ, अपघात किंवा जन्मजात व्यंग असेल, तर जुनी केसपेपरे, एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद फेकून देऊ नका. तपासणीत दोष वाढवून सांगू नका. मुद्दाम कमी ताकद दाखवणाऱ्यावर बंदी येऊ शकते. आणि लपवूही नका. पुष्कळ घरांत वाकडा हात शाळेच्या फोटोत पाठीमागे दडवायला शिकवतात. तो हात मैदानावर मोकळा दिसू द्या. त्याला शोभेल असा गट तेथे असू शकतो.