ह्यूम एंडचे स्टेशन आणि बार्शीची छोटी गाडी

कुर्डूवाडी, बार्शी, लातूर व पंढरपूर या भागांतील जुन्या पिढीला अरुंद रुळांवरून धावणारी ‘बार्शी लाइट’ चांगलीच परिचित होती. परंतु या गाडीचे एक धाकटे भावंड इंग्लंडमधील एका डोंगराळ खोऱ्यात जन्मास आले आणि तीस वर्षांत निवर्तले, ही हकीकत फारशी कोणास ठाऊक नाही. त्या लोहमार्गाचे शेवटचे स्टेशन म्हणजे ह्यूम एंड. स्टेशन कशामुळे जगते व कशामुळे ओस पडते, हे समजून घेण्यास त्याचा इतिहास उपयोगी आहे.

दोन्ही मार्गांचा अभियंता एकच, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८८२ साली तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी ही कापूस, धान्य इत्यादी मालाची मोठी पेठ. पण मुख्य लोहमार्ग तिच्यापासून सुमारे २१ मैल दूर राहिला होता. माल बैलगाड्यांनी स्टेशनावर न्यावा लागे. या पेठेसाठी कॅलथ्रॉपने दोन रुळांत अवघे अडीच फूट अंतर असलेला मार्ग योजिला व तो १८९७ मध्ये खुला झाला. त्याचे मुख्य सूत्र असे की, इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. एकाला न पेलणारे ओझे चौघांनी वाटून घेतले म्हणजे ते सहज उचलले जाते, तसाच हा प्रकार होय. भार अनेक चाकांवर वाटला गेल्यामुळे हलके रूळ पुरले आणि खर्चही वाचला.

इंग्लंडमध्ये १८९६ साली हलक्या लोहमार्गांसंबंधी कायदा झाला व ग्रामीण भागात स्वस्त मार्ग घालणे सोपे झाले. त्याचा लाभ घेऊन स्टॅफर्डशायर परगण्यात वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड हा सव्वाआठ मैलांचा मार्ग बांधण्यात आला. हॅम्प्स व मॅनिफोल्ड या दोन नद्यांच्या काठाकाठाने तो जाई. दि. २७ जून १९०४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. रुळांमधील अंतर बार्शीप्रमाणेच अडीच फूट होते. डब्यांना टोकाशी सज्जे होते व त्यांची घडणही बार्शीच्याच वळणाची होती. मोठ्या लोहमार्गावरील वाघीण जशीच्या तशी उचलून अरुंद मार्गावर नेता यावी, यासाठी खास वाहक वाघिणी केलेल्या होत्या. त्यामुळे माल एका गाडीतून काढून दुसरीत भरण्याचे श्रम वाचत.

इतकी उत्तम योजना असूनही मार्गाची भरभराट झाली नाही. नदीकाठ सपाट म्हणून मार्ग खोऱ्याच्या तळाशी घातला गेला; गावे मात्र वर पठारावर होती. गाडी गाठण्यासाठी मैलभर उतरावे व परतताना तितकेच चढावे लागे. वाटेतील एक्टन येथे अठराव्या शतकात तांब्याच्या भरभराटलेल्या खाणी होत्या. परंतु मार्ग होण्यापूर्वीच त्या बंद पडल्या होत्या. ह्यूम एंड येथे इंजिने व डबे ठेवण्याच्या मोठ्या शेडी बांधल्या होत्या. तेथून मार्ग पुढे बक्स्टन शहरापर्यंत वाढावा अशी उमेद होती. पण ती सफळ झाली नाही. परिणामी मोजक्या घरांच्या वस्तीशी येऊन रूळ थांबले ते थांबलेच.

उन्हाळ्यातील सुट्टीच्या दिवशी सहलीची माणसे डब्यांत मावत नसत, हिवाळ्यात डबे रिकामे धावत. खरा आधार होता तो दुधाचा. खोऱ्यातील शेतकऱ्यांचे दूध या गाडीने बाहेर जाई व एक्टनच्या दुग्धालयातील दूध लंडनपर्यंत पोचे. पुढे मोटारलॉरी थेट शेतकऱ्याच्या दारी येऊ लागली. १९३०च्या सुमारास सुरू झालेल्या मंदीच्या काळात एक्टनचे दुग्धालयही बंद पडले. मार्च १९३४ मध्ये शेवटची गाडी धावली आणि ह्यूम एंडच्या फलाटावर शांतता पसरली.

बार्शीची गाडी मात्र वाढत गेली. तिला भरलेली पेठ होती आणि पंढरीच्या यात्रेकरूंची अखंड रीघ होती. १९११ मध्ये ती लातूरला व १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये तो मार्ग सरकारने आपल्याकडे घेतला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तेथे टप्प्याटप्प्याने रुंद रूळ आले. एकाच अभियंत्याचे हे दोन मार्ग; एक तीस वर्षांत संपला, दुसरा शंभरांहून अधिक वर्षे चालला. कौशल्यात उणीव नव्हती, भेद होता तो गरजेचा. स्टेशन इमारतीवर उभे राहत नाही. ते त्याच्या फलाटावर येणाऱ्या माणसांवर व मालावर उभे असते.

तथापि ह्यूम एंडची कथा येथेच संपत नाही. रूळ उखडल्यावर ती जागा परगण्याच्या कौन्सिलकडे देण्यात आली व १९३७ मध्ये तेथे पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता खुला झाला. ज्या वाटेने दूध गेले, त्या वाटेने लोक हिंडू लागले. स्टेशनचे जुने तिकीटघर जपले गेले व पुढे प्रवाशांचे माहिती केंद्र म्हणून उपयोगात आले. निरुपयोगी ठरलेली वस्तूही सार्वजनिक संस्थेने वेळीच हाती घेतल्यास पुन्हा लोकांच्या कामी येते, हा बोध त्यातून मिळतो.

आपल्याकडेही अरुंद मार्गाचे जुने भराव, मोऱ्या व स्टेशनांच्या इमारती जेथे शिल्लक असतील, तेथे चौथीच्या मुलांना शिक्षकांनी अवश्य न्यावे. येथून कोणता माल जाई, गाव स्टेशनापासून किती दूर होते, गाडी बंद झाल्यावर कोणाची गैरसोय झाली, हे प्रश्न मुलांनी गावातील वडीलधाऱ्यांना विचारावेत व उत्तरे वहीत उतरून घ्यावीत. ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला, ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्या आठवणी आज लिहून घेतल्या तरच गावाचा हा इतिहास पुढील पिढीच्या हाती पडेल.