हृदयाचं कल्याण जंक्शन

आम्हा कवी मंडळींनी हृदयाला जेवढं राबवलं तेवढं दुसऱ्या कुणी राबवलं नसेल. आम्ही ते तोडलं, जाळलं, गहाण टाकलं, कुणाकुणाच्या पायाशी ठेवलं. पण त्याची नेमकी ओळख करून घ्यायची मात्र राहिली. मराठीत आपण ‘काळीज’ म्हणतो, उर्दूत ‘जिगर’ म्हणतात. खाटकाच्या दुकानात कलेजी मागितली तर तो यकृत कापून देतो. ‘जिगर’चा मूळ अर्थही यकृतच. म्हणजे शतकानुशतकं ज्याच्या नावानं उसासे टाकले गेले ते पुष्कळदा हृदय नव्हतंच!

खरं हृदय छातीच्या मधोमध, किंचित डावीकडे कललेलं, आपापल्या मुठीएवढं असतं. वजन साधारण ३०० ग्रॅम. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाचे ठोके एक लाखाच्या वर जातात. मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ते पुढे ढकलतं, म्हणजे चोवीस तासांत ७,००० लिटर. सोसायटीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी सात वेळा भरेल एवढं. एका हृदयात खरं तर दोन पंप असतात. उजवा पंप शरीरातून परत आलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवतो, तिथं प्राणवायू मिसळला की ते डाव्या पंपाकडे येतं आणि डावा पंप ते सगळ्या अंगभर पोचवतो. रक्त मागं फिरू नये म्हणून चार झडपा आहेत. आपण ज्याला धडधड म्हणतो तो या झडपा मिटल्याचा आवाज. दारं लागल्याचा आवाज म्हणा ना.

आता गंमत पाहा. ज्याच्या पोटातून दिवसभर एवढं रक्त वाहतं, त्या हृदयाच्या स्नायूला त्यातलं रक्त थेट घेता येत नाही. आतल्या अगदी पातळ थराची गोष्ट सोडली तर बाकीच्या जाड भिंतीला बाहेरून पुरवठा लागतो. भरलेली घागर डोक्यावर आणि घशाला कोरड, अशी ही अवस्था. ही गोष्ट फार पूर्वी एका माणसानं ओळखली होती. दमास्कसचा वैद्य इब्न अल-नफीस पुढे कैरोत राहिला. त्यानं १२४२ मध्ये इब्न सीनाच्या ग्रंथावर टीका लिहिली. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे मधल्या भिंतीतून झिरपत नाही, ते फुप्फुसांतून फिरून येतं, हे त्यानं मांडलं. हृदयाचं पोषण त्याच्या भिंतीत पसरलेल्या वाहिन्यांतून होतं, हेही त्यानंच मांडलं. इंग्लंडच्या विल्यम हार्वेचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक १६२८ चं. इब्न अल-नफीसचं हस्तलिखित मात्र बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होतं. एका तरुण इजिप्शियन डॉक्टरनं १९२४ मध्ये ते उजेडात आणलं.

या पोषण करणाऱ्या वाहिन्या म्हणजेच आपण रोज ऐकतो त्या कोरोनरी आर्टरी. मराठीत त्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. त्यांची रचना आपल्या ठाणे-कल्याणकरांना समजावून सांगायला फार सोपी आहे. हृदयातून निघालेल्या मुख्य रोहिणीच्या अगदी उगमापाशी दोन फाटे फुटतात, एक उजवा, एक डावा. डाव्या फाट्याचं थोडंसं अंतर ठाकुर्ली ते कल्याण समजा. कल्याणला पोचलं की लाइन फुटते: एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. तसाच हा डावा फाटा दुभंगतो. एक शाखा हृदयाच्या पुढच्या अंगानं खाली उतरते, दुसरी डावीकडून वळसा घालून मागं जाते.

टिटवाळ्याला रुळावर काही झालं तर कसाऱ्याच्या प्रवाशांचे हाल होतात, बदलापूरची गाडी धावत राहते. पण ठाकुर्ली आणि कल्याणच्या मध्ये मार्ग बंद पडला तर? दोन्हीकडचं सगळं ठप्प. म्हणून ‘ब्लॉक किती टक्के’ या प्रश्नाइतकाच ‘ब्लॉक कुठे’ हा प्रश्न डॉक्टरांना महत्त्वाचा वाटतो. रिपोर्ट हातात आला की आपण मात्र फक्त टक्के वाचतो, परीक्षेच्या निकालासारखे. बायपास म्हणजे तरी काय? ठाण्याहून दिव्याला पारसिकच्या बोगद्यातून जाता येतं, तसंच मुंब्र्यावरूनही जाता येतं. बंद मार्ग तसाच ठेवून पलीकडे दुसरा रूळ टाकायचा. त्यासाठी पायातली किंवा छातीतली रक्तवाहिनी वापरतात.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार विलक्षण वाटली. हृदयाचा स्नायू आवळला जातो तेव्हा त्याच्या भिंतीतल्या वाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या पंपाला त्याचं स्वतःचं रक्त मुख्यतः मिळतं ते तो सैल पडतो तेव्हा, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. मिनिटाला ७० ठोके असतील तर प्रत्येक फेऱ्यातला आवळण्याचा वेळ साधारण एक तृतीयांश, बाकी विसावा. ठोके वाढले की हा विसावाच कापला जातो. काम वाढलं, जेवणाची सुट्टी घटली. निरोगी वाहिन्या रुंदावतात आणि हे निभावून नेतात. अरुंद झालेल्या वाहिन्यांना ते जमत नाही. म्हणून घरी बसल्या जागी काही दुखत नाही, पण आठ-बाराची लोकल पकडायला पुलाच्या पायऱ्या धावत चढलं की छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं होतं, आणि दोन मिनिटं उभं राहिलं की थांबतं. चढल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं हे दडपण म्हणजे हृदयानं पाठवलेली नोटीस. ती आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं. विश्रांती घेऊनही दुखणं थांबलं नाही तर मात्र आठवड्याची वाट पाहायची नाही, तासाचीही नाही.

पण सगळ्यांना नोटीस येतेच असं नाही. ‘कालपर्यंत ठणठणीत होता हो’ हे वाक्य आपण किती अंत्ययात्रांत ऐकलंय! त्याचं कारण आहे. वाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर साठतो तो नेहमी नळातल्या क्षारासारखा घट्टच असतो असं नाही. कधी तो मऊ असतो, वर पातळ पापुद्रा असतो. तो पापुद्रा फाटला की शरीराला वाटतं जखम झाली, आणि तिथं रक्ताची गुठळी धरते. आदल्या दिवशी ३०-४० टक्के अडथळा असलेली वाहिनी काही मिनिटांत पूर्ण बंद होऊ शकते. हाच हार्ट अटॅक.

डोंबिवलीचे माझे एक स्नेही आहेत, कवितेचे चांगले जाणकार. वय तेव्हा ५२. रात्री दोनच्या सुमारास छाती भरून आली, दरदरून घाम सुटला, डावा हात जड झाला. वहिनी म्हणाल्या, ‘चला, दवाखान्यात जाऊ.’ हे म्हणाले, ‘पित्त आहे. एवढ्या रात्री कुणाला उठवायचं?’ सोडा प्याले, ओवा चावला, खुर्चीत बसून रात्र काढली. सकाळी आंघोळ करून कामाला निघाले आणि फलाटावर मटकन खाली बसले. ते वाचले. पण निरोगी डावा पंप दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर टाकतो. यांचा आता एक तृतीयांशाच्या आसपास टाकतो. पूल चढताना ते तीनदा थांबतात आणि प्रत्येक वेळी खिशातला फोन काढून बघितल्याचं निमित्त करतात. मागच्या माणसाला कळू नये म्हणून.

त्या सहा तासांत काय घडलं? रक्त पूर्ण तुटलं की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायूच्या पेशी मरू लागतात आणि ती मर आतून बाहेर पसरत जाते. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, तिथं व्रण राहतो. २०१५ च्या ऑगस्टमधली एक घटना पुष्कळांना आठवत असेल. पुण्याहून एक हृदय विमानानं मुंबईत आणि तिथून मोकळ्या करून दिलेल्या रस्त्यानं ठाण्याशेजारी मुलुंडच्या रुग्णालयात आणलं गेलं. मुंबईत हृदयारोपणाचा पहिला प्रयत्न त्याआधी ४७ वर्षांपूर्वी झाला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो केला, केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदयारोपण केलं त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. तो रुग्ण काही तासच जगला. मुलुंडची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. एवढी धावपळ कशासाठी? तर बर्फात ठेवलेलं हृदयसुद्धा साधारण चार तासच टिकतं. मग उबदार छातीत, काम करत असताना, रक्ताविना ते किती तग धरणार?

म्हणून छातीत दडपण, घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी कळ, यातलं काही झालं आणि थांबलं नाही तर पित्त की हृदय याचा निवाडा घरात करू नये. तो ई.सी.जी.नं करायचा असतो. बायकांना आणि मधुमेह्यांना कधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप, मळमळ, विलक्षण थकवा येतो. त्यांचा वेळ जास्त वाया जातो. १०८ ला फोन करावा. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये, जिने उतरू नये. आणि शीळफाट्याची कोंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको: आपल्या घराजवळ रात्रीसुद्धा अँजिओप्लास्टी होते असं रुग्णालय कोणतं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते आहे का, हे आजच, धडधाकट असताना विचारून ठेवावं.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट घेत नाही, तर ती वेगळी आणीबाणी. हृदय थांबलंय. तोंडावर पाणी मारत बसू नये, कांदा हुंगवू नये. एकानं १०८ ला फोन करावा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबायला लागावं. दर वेळी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. टाळ हाती धरलेल्याला ही लय सांगावी लागणार नाही: सेकंदाला दोनापेक्षा किंचित कमी.

आता जपणुकीचं. बावन्न देशांत झालेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की नऊ घटकांत जवळजवळ सगळा धोका येतो: तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्य. त्याच अभ्यासात आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी आलेला आढळला, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. हे वय माझ्या अगदी ओळखीचं आहे.

या नवांपैकी तंबाखूला मी पहिला नंबर देईन. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण घराघरांतली मशेरी तशीच आहे आणि तीही तंबाखूच. विडी-सिगारेट सोडली तर वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला हृदयाचा धोका निम्म्यावर येतो. एवढा व्याजदर कुठली बँक देत नाही. रक्तदाब दुखत नाही, तो मोजावाच लागतो. १४०/९० च्या वर पुन्हा पुन्हा भरला तर गोळी सुरू करावी, आणि बरं वाटतंय म्हणून ती बंद करू नये. मीठ दिवसाला एक चमचा पुरे. आपल्याकडे सुकट, बोंबील, पापड, लोणचं यांतून ते न दिसता पोटात जातं. वडापाव कुणी सोडा म्हटलं तर ऐकणार नाही, मीही नाही. पण तळून तळून काळं झालेलं तेल कढईत दिसलं की पुढच्या गाडीवर जावं. चालायचं आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं. ठाण्याला तलावपाळी आणि उपवन आहे, कल्याणला काळा तलाव. डोंबिवलीकरांना मोकळी जागा शोधावी लागते, त्यांनी निदान लोकलच्या पंधरा मिनिटं आधी घरून निघून रिक्षा टाळावी.

शेवटी उपवासाचं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स, इफ्तारला भजी आणि समोसे. दोन्ही घरांतली कढई सारखीच. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी रमजान लागायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन कोणती गोळी सहरीला, कोणती इफ्तारनंतर हे लिहून घ्यावं. डॉक्टर रोजा नको म्हणाले तर आजाऱ्याला धर्मानंच सवलत दिलेली आहे. स्टेंट बसवलेल्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी तर एक दिवसही आपल्या मनानं चुकवू नये, दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. आणि गोळ्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी घरच्या फोन नंबरासकट रेल्वेच्या पासामागे ठेवून द्यावी.